वेशीबाहेरची तार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे गेलं की हल्ली एक विषय हमखास निघतो. कुणीतरी गावाबाहेर, कॅनॉलच्या पलीकडे, शेतात किंवा नव्या प्लॉटवर घर बांधलेलं असतं. पाणी असतं, वीज असते, अंगणापर्यंत डांबरी रस्ताही असतो. मग पुण्यात नोकरी करणारी मुलगी महिनाभर घरून काम करायला येते आणि विचारते, "इथे नेट कुठलं चांगलं चालतं?" घरातले तीन जण तीन उत्तरं देतात. एक जण टॉवरचं नाव घेतो, दुसरा केबलवाल्याचं, तिसरा म्हणतो गच्चीवर जाऊन बस.

तिच्या प्रश्नात 'नेट' या शब्दापेक्षा 'चांगलं चालतं' हे दोन शब्द जास्त महत्त्वाचे आहेत. तार येणं वेगळं आणि ती पावसाळाभर चालू राहणं वेगळं. हा फरक इंटरनेटच्याही आधीचा, थेट टेलिफोनच्या बालपणापासूनचा आहे.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ग्रॅहम बेल यांच्या टेलिफोनची पेटंटं १८९३ आणि १८९४ साली संपली. बेलच्या कंपनीला शहरातली गिऱ्हाइकं हवी होती. मैलमैल अंतरावर एकेक घर असलेल्या शेतकऱ्यांसाठी खांब रोवायला ती तयार नव्हती. तेव्हा शेतकऱ्यांनी मिळून आपल्याच लाइनी उभ्या केल्या. कुठे कुठे तर शेताच्या कुंपणाची काटेरी तार हीच टेलिफोनची तार झाली. ओल्या लाकडी खांबातून वीज जमिनीत उतरू नये म्हणून बाटल्यांचे गळे, चामड्याच्या पट्ट्या, मक्याची बुरखुंडं, हाताला येईल ते लावलं. पाऊस आला की आवाज बंद. पण गंमत अशी, की १९२० साली तिथल्या शंभरातल्या सुमारे ३९ शेतघरांत टेलिफोन होता आणि १९४० साली हे प्रमाण २५ वर उतरलं होतं. म्हणजे टेलिफोन आला आणि परत गेला! मधल्या काळात मंदी आली, खांब कुजले, तारा गंजल्या. ज्या उत्साहाने लाइन टाकली त्या उत्साहाने ती दुरुस्त करायला हातात पैसा नव्हता. अखेर १९४९ साली तिथल्या सरकारने कायदा करून ग्रामीण टेलिफोनसाठी स्वस्त कर्जं देऊ केली.

आपल्याकडे गोष्ट उलट्या बाजूने सुरू झाली. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे १८८२ साली टेलिफोन एक्सचेंज सुरू झाली. त्यानंतर शंभर वर्षं टेलिफोन हा शहराचा, व्यापाऱ्याचा आणि साहेबाचा राहिला. गावाकडच्या माणसाच्या वाट्याला पोस्टातला ट्रंक कॉल. कॉल नोंदवायचा आणि बाकावर बसून राहायचं. त्यातही ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग अशा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला जास्त पैसे.

खेड्यात एक्सचेंज का नव्हतं, याचं एक साधं कारण यंत्रात दडलेलं होतं. परदेशी बनावटीच्या यंत्रांना वातानुकूलित खोली लागायची. ज्या गावात दिव्याचाच भरवसा नाही तिथे ही खोली कशी चालवणार? १९८४ साली स्थापन झालेल्या 'सी-डॉट' या संस्थेने आपल्या उन्हात, धुळीत, वातानुकूलनाशिवाय चालेल असं १२८ लाइनींचं छोटं एक्सचेंज बनवलं. जुलै १९८६ मध्ये ते पहिल्यांदा बसलं बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला. राणी चेन्नम्मांचं कित्तूर आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असतं. त्या पुस्तकात आणखी एक ओळ घालायला हरकत नाही. संगणकाच्या क्षेत्रातल्या मोठमोठ्या गोष्टींपेक्षा ही धूळ सोसणारी पेटी मला अधिक मोलाची वाटते. त्यानंतरच्या काही वर्षांत पिवळ्या पाटीची एसटीडी-पीसीओ केंद्रं गावोगाव दिसू लागली.

पण गावात एक्सचेंज आलं तरी वाडीवर, वस्तीवर काय? १९९४ च्या दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत प्रत्येक खेड्यात टेलिफोन नेण्याचं ठरवलं. ते साधलं नाही. घाईघाईने हजारो खेड्यांत 'एमएआरआर' नावाची रेडिओ यंत्रणा बसवण्यात आली. कागदावर गावाला फोन मिळाला; प्रत्यक्षात बॅटरी उतरलेली, दुरुस्तीला माणूस नाही, आणि सरपंचाच्या घरातलं यंत्र कपड्याने झाकून ठेवलेलं. २००२ नंतर सरकारच्या ग्रामीण दूरसंचार निधीतून असे फोन बदलून घ्यावे लागले.

इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत, तेही मोजक्या महानगरांत. ज्याच्या गावात केंद्र नव्हतं त्याला एसटीडी लावून इंटरनेटला जोडावं लागे. मोडेमचा तो किरकिरणारा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना आठवेल, त्या आवाजाबरोबर मीटरही पळत असे. मध्येच लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून.

अशा काळात, १९९८ साली, कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या वारणा खोऱ्यात एक धाडसी प्रयोग झाला. पंतप्रधानांनी नेमलेल्या माहिती तंत्रज्ञान कृती दलाच्या पुढाकारातून सलग ७० गावं संगणकाने जोडायची ठरली. जागा विचारपूर्वक निवडली होती. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती दूध, बँक, शिक्षण असं जाळं आधीच होतं. माणसं जोडलेली होती, तारा जोडायच्या होत्या. गावोगाव केंद्रं निघाली. बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी दाखले, सगळं तिथे मिळेल असं स्वप्न होतं.

शेतकऱ्यांनी त्यातलं काय वापरलं? मुख्यतः उसाचं. नोंद, तोडणीची चिठ्ठी, वजन, खत, बिल. बाकीचं फारसं नाही. शिवाय वीज जायची, संगणक बिघडायचा आणि त्याची दुरुस्ती महाग पडायची. म्हणून २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत एक गोष्ट करून पाहिली. संगणकाच्या जागी एक साधा मोबाइल ठेवला आणि तीच माहिती एसएमएसवर द्यायला सुरुवात केली. काम झालं, कमी खर्चात झालं आणि शेतकऱ्याला हवं तेव्हा झालं. काहींनी याचा अर्थ वारणेचा प्रयोग फसला असा लावला. मला तसं वाटत नाही. खेड्यातल्या माणसाला दहा सोयींपेक्षा एक न बिघडणारी सोय हवी असते, हे वारणेने लेखी दाखवून दिलं.

दरम्यान ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण आलं. तेव्हा २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हणायचं ठरलं. (२०२३ पासून ही किमान मर्यादा २ एमबीपीएस आहे.) २००५ च्या जानेवारीत भारत संचार निगमने आपली सेवा सुरू केली आणि फोनच्याच तांब्याच्या तारेवरून इंटरनेट घरात आलं. इथे वेशीबाहेरच्या माणसाची खरी पंचाईत झाली. फोन व्यवस्थित वाजतोय, मोडेम मात्र जोडलाच जात नाही. लाइनमनला बोलावलं की तो म्हणायचा, "अंतर जास्त आहे, साहेब." ही सबब वाटायची, पण ते खरंच होतं. आपला आवाज तारेतून कमी वारंवारतेवर जातो आणि दूरवर टिकतो. इंटरनेटची माहिती त्याच्या कितीतरी वरच्या वारंवारतेवर धावते, आणि ती जितकी वर तितकी वाटेत लवकर विरते. एक्सचेंजपासून तीन-चार किलोमीटर ठीक; पाचच्या पुढे भरवसा नाही. तेही तारेच्या लांबीचे किलोमीटर! एक्सचेंज गावाच्या मध्यावर, तार बाजारपेठेतून वळसे घेत येणार, वाटेत चार जोड, जोडात पावसाचं पाणी. नकाशावर साडेतीन किलोमीटर दिसणारं घर तारेच्या हिशेबाने सहावर असायचं.

तो लाइनमनही पुढे राहिला नाही. जानेवारी २०२० अखेर भारत संचार निगममधून सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्त झाले. कुठला जोड कुठल्या बाभळीखाली आहे, हे ज्याच्या डोक्यात होतं तो माणूसच घरी गेला. त्यानंतर दोनच महिन्यांत टाळेबंदी लागली, शाळा फोनवर भरू लागल्या. २०१६ नंतर स्वस्त झालेला मोबाइल डेटा हाताशी होता, पण एका टॉवरवर सगळा गाव तुटून पडला. त्या पावसाळ्यात कोकणात रेंजसाठी मुलं डोंगरावर खोपी करून अभ्यासाला बसल्याच्या बातम्या आपण वाचल्या.

पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने केलेला 'ग्राम मार्ग' हा प्रयोग इथे सांगायला हवा. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या ध्वनिलहरींचा, म्हणजे खरं तर रेडिओलहरींचा, बराच पट्टा आपल्याकडे रिकामा पडून होता. त्या लहरी झाडाझुडपांतून बऱ्यापैकी पार जातात. प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वापरून खामलोळीच्या आसपासच्या गावांपर्यंत इंटरनेट नेलं. २०१७ साली त्याला मोझिला संस्थेचा मोठा पुरस्कारही मिळाला.

सरकारची मोठी भिस्त मात्र काचतंतूवर आहे. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. २०१५ पासून तिला 'भारतनेट' म्हणतात. सुरुवातीला दोन वर्षांत काम होईल असं वाटलं होतं. फायबर पुष्कळ ठिकाणी पोहोचलं, पण ते एका सरळ रेषेत टाकलं होतं. रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीने एका जागी तोडलं की पुढची सगळी गावं अंधारात. आणि पंचायत कार्यालयापासून शेतातल्या घरापर्यंतचे दोन-चार किलोमीटर तसेच राहिले.

ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात फायबरचं कडं करायचं आहे, म्हणजे एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने चालू राहील. घरापर्यंतची जोडणी गावातल्याच एखाद्या तरुणाने चालवायची आणि उत्पन्नात वाटा घ्यायचा. तार टाकायला तीन वर्षं दिली आहेत, आणि ज्याने टाकली त्यानेच ती पुढे दहा वर्षं सांभाळायची आहे.