दीड दिवसाची चाल

'गोल्डफिंगर'मधली बाँडची गोल्फची मॅच आठवतेय? ती शूट झाली लंडनजवळच्या स्टोक पार्कमध्ये. १९०८मध्ये तिथे गोल्फ सुरू झालं, पुढे आलिशान हॉटेलही झालं. २०२१मध्ये आपल्या मुंबईच्या रिलायन्सनं ते ५.७ कोटी पौंडांना घेतलं.

पण मी अडकलो १७३७मध्ये, अमेरिकेत. पेनसिल्व्हेनियाचे मालक पेन बंधू लेनापे या मूळ रहिवाशांना म्हणाले, माणूस दीड दिवसात चालेल तेवढी जमीन आमची. लेनापेंना वाटलं, साधं चालणं. पेननी आधीच वाट साफ करून पळणारे गडी सोडले! त्यांच्यातल्याच थॉमस पेननं १७६०मध्ये स्टोक पार्क विकत घेतलं.

आता तिथली हिरवळ फोटोत दिसली, की मला ती 'चाल'च आठवते. दोन्ही अर्थांनी.