मातीचा बैल आणि खराट्याची काडी

पोळ्याच्या आदल्या शनिवारी राहूला गेलो होतो. नेहमीसारखंच, बॅगेत लॅपटॉप आणि डोक्यात सोमवारचं रिलीज. लेकीला (वय वर्षं पाच) शाळेतून 'मातीचा बैल करून आणा' असं सांगितलं होतं. मी ऑनलाईन क्ले किट शोधत होतो, तेवढ्यात आईचा फोन आला. "माती काय इकत घ्यायची वस्तू हाय का? पोरीला घिऊन ये इकडं."

आमच्या राहू बेटात, म्हणजे मुळा-मुठा आणि भीमेच्या मधल्या पट्ट्यात, ऊस आणि काळी माती या दोन गोष्टींना तोटा नाही. आईने माती चाळली, भिजवली, मळली. आम्ही तिघं ओसरीवर बसलो. माझा बैल डुकरासारखा दिसतोय हे लेकीने लगेच जाहीर करून टाकलं. :)

मग तिला बैलावर बसायला एक बाई हवी झाली. बाई केली, पण ती सारखी घसरून पडायची. आईने खराट्याची काडी मोडली, एक टोक बैलाच्या पाठीत आणि दुसरं बाईच्या पोटात खुपसलं. बसली बाई! लेकीने टाळ्या वाजवल्या. मी मात्र बघतच राहिलो, कारण हीच युक्ती मी आधी एका पुस्तकात पाहिली होती.

तर मंडळी, आता थोडा इतिहास.

राहूहून भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो. तिथे घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. साधारण इ. स. पू. १६०० ते ७०० एवढा काळ नांदलेली शेतकऱ्यांची वस्ती तिथे सापडली. शंभरावर घरं, मातीच्या भिंती, चुली, धान्य साठवायच्या जागा. जव पिकवायचे, गुरं पाळायचे. राजवाडा नाही, शिलालेख नाही. जे सापडलं ते बहुतेक सगळं घरातलं, म्हणजे हा इतिहास खरं तर घरसंसाराचाच.

त्यातल्या एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची डबी पुरलेली होती. डबीत एक स्त्रीमूर्ती. सोबत दुसरी, शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि एक बैल. या दुसरीच्या पोटात छिद्र आणि बैलाच्या पाठीतही छिद्र. मध्ये काडी घातली की बाई बैलावर उभी!

आणखी एक गंमत. हे सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं. लाल रंगाची, वर काळी नक्षी असलेली खणखणीत जोर्वे भांडी याच लोकांच्या घरात होती. म्हणजे भाजता येत नव्हतं असं नाही. पूजा झाली की पुरून टाकायची, एवढ्यासाठीच ती मूर्ती केली असावी. अभ्यासक तिला मातृदेवता मानतात.

मातृदेवता का लागत होती, याचं उत्तरही त्याच जमिनीखाली आहे. इनामगावात दोनशेवर दफनं सापडली, त्यातली बहुतेक लहान मुलांची. घरातच खड्डा करायचा, दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवायची आणि मूल त्यांच्या आत. वर पुन्हा जमीन सारवायची आणि त्याच जमिनीवर रोजचा संसार.

रात्री लेक झोपल्यावर हे मी आईला सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल 'काय बाई अभद्र'. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजे जवळच ठिवलं त्यांनी." माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता, अडीच महिन्यांचा होऊन गेला, हे मला ऐकून माहीत होतं. त्याला कुठे पुरलं ते कधी विचारलं नव्हतं. "वढ्याच्या कडंला. पुढं पाणी आलं, जागाबी सापडंना." एवढंच बोलून ती उठली आणि ओसरीवरचे बैल दव लागू नये म्हणून आत घेऊन आली.

आता मोह होतो म्हणायचा की बघा, तीन हजार वर्षांची अखंड परंपरा! पण तसं म्हणता येत नाही. इ. स. पू. ७००च्या सुमारास ती वस्ती उठली. तिथली काडी आईच्या हातात कशी आली, याचं डॉक्युमेंटेशन कुठेच नाही. बहुधा आलीच नसेल. मातीची बाई बैलावर टिकत नाही हा प्रॉब्लेम तोच, म्हणून सोल्युशनही तेच.

पण दुसरी गोष्ट नक्की तीच आहे. ज्याला मी 'विकेंड ॲक्टिव्हिटी' म्हणतो, ती माती त्या घरात पोर जगावं म्हणून मळली जात होती. लेकीच्या पिढीत तो नुसता खेळ उरला, हे तिचं नशीब. आईच्या पिढीतही तो नुसता खेळ नव्हता, हे मला एवढ्या वर्षांनी कळलं.

असो. बैल शाळेत पोचला, एक शिंग मोडून. बाई मात्र काडीसकट राहूलाच आहे, देवळीत. आईने मागून घेतली.

पुढच्या वर्षी माती मी मळणार आहे.