गणकयंत्राचे पहिले शिष्य

संगीत शिकणाऱ्यास गवई भेटतो, विणकाम शिकणाऱ्यास मागावर बसलेला बाप दिसतो. परंतु गणकयंत्रास आज्ञा देण्याची विद्या जे प्रथम शिकले, त्यांना गुरु नव्हता, पुस्तक नव्हतें, आणि कांहींच्या बाबतींत तर यंत्रही नव्हतें. आज ही विद्या प्रोग्रॅमिंग या नांवानें शाळेंतील मुलांपर्यंत पोंचली आहे. ती शिकूं लागलेला तरुण पुष्कळदां पहिल्या महिन्यांतच खचतो. दहा ओळी लिहाव्या, त्यांतल्या दोन चुकाव्या, आणि चूक कोठें आहे हें तासभर उमगूं नये, असा अनुभव आला कीं आपल्याला ही बुद्धीच नाहीं असें तो मनाशीं ठरवून टाकतो. त्याला धीर देण्यास उपदेशापेक्षां इतिहास अधिक उपयोगी आहे; कारण या विद्येचा पाया घालणारीं माणसें नेमकीं याच जागीं अडखळलीं होतीं.

इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज यांनीं 'ॲनॅलिटिकल एंजिन' नांवाचें एक गणकयंत्र योजिलें होतें. तें पुरें कधींच झालें नाहीं. तथापि १८४३ सालीं एडा लव्हलेस यांनीं त्या यंत्रावरील एका फ्रेंच लेखाचें भाषांतर प्रसिद्ध केलें, त्यास मूळ लेखाहून मोठ्या टीपा जोडल्या, आणि शेवटच्या टीपेंत बर्नूली-संख्या काढण्यासाठीं यंत्रानें कोणती क्रिया कोणत्या क्रमानें करावी याचें कोष्टक मांडलें. यंत्र आपण होऊन नवें कांहीं निर्माण करीत नाहीं, आज्ञा कशी द्यावी हें माणसास जितकें ठाऊक असेल तितकेंच तें करूं शकतें, असेंही त्यांनीं तेथेंच बजावलें. नवशिक्यानें घ्यावयाचा पहिला धडा यांत आहे. जें गणित कागदावर पायरीपायरीनें मांडतां येत नाहीं, तें यंत्रासमोर बसल्यानें येणार नाहीं. विचार आधीं, आज्ञा मागाहून.

यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं, १९४५ सालीं, अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें 'एनिॲक' या यंत्राच्या कामासाठीं सहा तरुणी निवडण्यांत आल्या: के मॅकनल्टी, बेटी जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. यंत्रांत सुमारें अठरा हजार निर्वात नळ्या होत्या, आणि तें कसें चालवावें हें सांगणारी एकही पुस्तिका नव्हती. युद्धकाळचें गुप्त काम असल्यामुळें आरंभीं त्यांना यंत्राच्या दालनांत प्रवेशही नव्हता; हातांत पडले ते केवळ आराखडे. त्या आराखड्यांवरून आणि यंत्रज्ञांना प्रश्न विचारून विचारून त्यांनीं यंत्राचा अंतर्भाग इतका आत्मसात केला कीं, पुढें बिघाड झाला असतां दोष कोणत्या नळींत आहे इथपर्यंत त्या माग काढीत. फेब्रुवारी १९४६ मध्यें यंत्राचें जाहीर प्रदर्शन व्हावयाचें होतें. तोफगोळ्याच्या मार्गाचें गणित, गोळा प्रत्यक्ष पोंचण्यास लागणाऱ्या वेळाहूनही कमी वेळांत, यंत्र करून दाखविणार होतें. आदल्या दिवशीं मात्र असें दिसून आलें कीं, गोळा जमिनीवर पडल्यावरही यंत्राचें गणित थांबत नाहीं! स्नायडर यांना उलगडा झाला तो रात्रीं झोप घेतल्यावर. सकाळीं येऊन त्यांनीं एक कळ फिरविली आणि यंत्र योग्य जागीं थांबूं लागलें. प्रदर्शन गाजलें, परंतु त्या समारंभांत या स्त्रियांना श्रेय मिळालें नाहीं, आणि त्यांची योग्य दखल घेतली जाण्यास सुमारें पन्नास वर्षें लागलीं. अडलेल्या बुद्धीस विश्रांति देणें हाही अभ्यासाचाच भाग आहे, हें त्या रात्रीनें दाखविलें.

मात्र चुकीविषयींचा सर्वांत मोलाचा धडा केंब्रिजचा आहे. तेथील विद्यापीठांत मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखालीं बांधलेलें 'एडसॅक' यंत्र ६ मे १९४९ रोजीं प्रथम चाललें आणि त्यानें वर्गसंख्यांचें कोष्टक छापून दिलें. लौकरच विल्क्स यांनीं एअरी यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें एक अवघड समीकरण सोडविण्याचा प्रोग्रॅम लिहावयास घेतला. त्यांत १२६ ओळी होत्या आणि सुमारें वीस चुका! यंत्राचा निर्माता, केंब्रिजचा विद्वान, आणि सहा ओळींमागें जवळजवळ एक चूक. यंत्राची खोली आणि कागदी फितीस छिद्रें पाडण्याचें उपकरण यांच्यामध्यें जिना होता. त्या जिन्यावर जातां येतां आपल्याला एके दिवशीं लख्ख जाणवलें कीं, उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच प्रोग्रॅमांतील चुका शोधण्यांत जाणार आहे, असें विल्क्स यांनीं आत्मचरित्रांत नमूद केलें आहे.

ही जाणीव दुःखाची होती. परंतु केंब्रिजच्या मंडळींनीं तिच्यांतून शास्त्र उभें केलें. डेव्हिड व्हीलर यांनीं वारंवार लागणाऱ्या आज्ञांचे लहान, पारखून घेतलेले तुकडे करून ते हवे तेथें जोडण्याची रीत बसविली. अशा तुकड्यांच्या फितींचा संग्रहच तेथें उभा राहिला. स्टॅन्ली गिल यांनीं चुका शोधण्यासाठीं एक निराळा प्रोग्रॅम रचला. तो दुसऱ्या प्रोग्रॅमची एकेक आज्ञा क्रमानें चालवी आणि कोणती आज्ञा पाळली गेली हें छापून दाखवी. १९५१ सालीं या तिघांनीं मिळून प्रोग्रॅम-लेखनावर जें पुस्तक काढलें, तें या विषयाचें पहिलें पाठ्यपुस्तक समजलें जातें. नवशिक्यास यांतून तीन गोष्टी घेतां येतील: मोठें काम लहान भागांत तोडावें; प्रत्येक भाग वेगळा पारखावा; आणि यंत्र काय करीत असेल याचा तर्क करीत बसण्यापेक्षां तें काय करीत आहे हें त्याच्याकडूनच पायरीपायरीनें वदवून घ्यावें.

केंब्रिजच्या उन्हाळी वर्गास १९५१ सालीं हॉलंडहून एड्स्गर डाइक्स्ट्रा नांवाचा तरुण आला होता. सहा वर्षांनीं विवाहाच्या नोंदींत त्यानें आपला व्यवसाय 'प्रोग्रॅमर' असा लिहिला, तेव्हां असा व्यवसायच नाहीं म्हणून ॲमस्टरडॅमच्या अधिकाऱ्यांनीं तो नाकारला. याच डाइक्स्ट्रा यांनीं १९७२ सालीं ट्यूरिंग पारितोषिक स्वीकारतांना नम्रतेचा पुरस्कार केला. माणसाचें डोकें लहान आहे हें ओळखून जो लिहितो, तोच चांगला लिहितो, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

पुढें शिक्षणाची वाट रुंद झाली. अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत जॉन केमेनी आणि टॉमस कर्ट्झ यांनीं 'बेसिक' ही सोपी भाषा रचली; १ मे १९६४ रोजीं पहाटे ती प्रथम चालली. साहित्य आणि इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही यंत्र वापरतां यावें हा त्यांचा हेतु होता. छिद्रें पाडलेलीं कार्डें कचेरींत देऊन उत्तराची तासन्‌तास वाट पाहण्याऐवजीं विद्यार्थ्यास आपली चूक तेथल्या तेथें दिसूं लागली. मुंबईसही या काळांत हें काम सुरू झालें होतें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९५६ सालीं प्रायोगिक यंत्र आणि १९६० सालीं पूर्ण आकाराचें यंत्र चालूं झालें, आणि त्यास पुढें 'टिफ्रॅक' हें नांव मिळालें.

आतां तर सांगितल्याबरोबर यंत्रच प्रोग्रॅम लिहून देतें. मग शिकण्याचा खटाटोप कशाला, असा प्रश्न नवशिक्याच्या मनांत येतो, आणि तो रास्त आहे. परंतु बँकेचा हिशेब असो कीं रुग्णाच्या औषधाचें प्रमाण असो, यंत्रानें लिहिलेल्या ओळींतही चूक राहूं शकते. आणि ती ओळखण्याची जबाबदारी अखेर माणसाचीच असते. तें काम त्यालाच साधेल, ज्यानें स्वतः चुकून, स्वतः शोधून, आपला हात तयार केला आहे. विल्क्स यांच्या त्या १२६ ओळींतील वीस चुका म्हणूनच लाजेची गोष्ट ठरत नाहींत. त्या एकामागून एक शोधून काढण्यांतूनच ही विद्या जन्मास आली.