हिमप्रदेशातील शिकाऱ्याचा पेहराव व त्याची शब्दसंपत्ती

थंडीच्या पेहरावासाठी आज जगभर रूढ असलेले दोन शब्द, 'अनोराक' आणि 'पार्का', उत्तर ध्रुवालगतच्या प्रदेशांतून आलेले आहेत. पैकी 'अनोराक' हा ग्रीनलंडमधील इन्युइटांच्या भाषेतला. त्या भाषाकुलात या शब्दाचा अर्थ नुसता 'वस्त्र' असा आहे. परकीयांनी सामान्यनाम उचलले आणि ते एका विशिष्ट कपड्याला चिकटविले. घरवाचक 'इग्लू' हा शब्द ज्याप्रमाणे बर्फाच्या घुमटापुरता आकुंचित झाला, तसाच हा प्रकार होय. 'पार्का' हा शब्द तर इन्युइटांचा नव्हेच. सायबेरियातील नेनेत्स लोकांच्या बोलीतून तो रशियन भाषेत गेला, तेथून अल्यूशियन बेटांवर पोचला व अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत उतरला.

शब्दांचे हे प्रवास मनोरंजक आहेत खरे. परंतु भीषण थंडीत शिकारी माणूस ज्या शब्दांच्या आधारे जगला, ते शब्द या प्रवासात मागेच राहिले. कॅनडाच्या उत्तर भागातील इन्युइटांच्या बोलींत आतल्या अंगरख्याला 'अतिगी' आणि बाहेरच्या अंगरख्याला 'कुलित्ताक' अशी दोन निराळी नावे आढळतात. दोन्ही कॅरिबू या हरणाच्या केसाळ कातड्याचे. मात्र अतिगीचे केस अंगाकडे वळविलेले, तर कुलित्ताकचे बाहेरच्या बाजूला. दोहोंच्या मधोमध हवेचा थर राहतो, शिवाय कॅरिबूच्या प्रत्येक केसाच्या आतही हवा साठलेली असते. ऊब राखते ती मुख्यतः ही कोंडलेली हवा. 'पार्का' या एकाच शब्दाने आतले-बाहेरचे हा भेद पुसून टाकला. घोंगडी आणि गोधडी या दोहोंनाही 'ब्लँकेट' म्हटल्याने जे होते, तेच येथे झाले. पण येथे त्या भेदावर माणसाचा जीव अवलंबून होता.

तो कसा, हे समजण्यासाठी सीलच्या हिवाळी शिकारीकडे पाहिले पाहिजे. समुद्र गोठल्यावर सील श्वासासाठी बर्फात भोके राखून ठेवतो. अशा भोकास 'अग्लू' म्हणतात. हिमाच्या थराखाली दडलेले अग्लू कुत्रा हुंगून काढतो आणि मग शिकारी हातात भाला घेऊन त्याच्यापाशी उभा राहतो. उणे ३०-४० अंशांच्या थंडीत कित्येक तास हालचाल न करता थांबावयाचे, कारण पावलाचा आवाजही पाण्याखाली ऐकू जातो. पायांखाली केसाळ कातड्याचा तुकडा अंथरलेला असतो. परंतु खरी अडचण या निश्चलतेपूर्वीच सुरू झालेली असते. घसरगाडीमागे धावताना, बर्फ तोडताना अंगाला घाम फुटतो. तो घाम कपड्यांत मुरला तर पुढे उभे राहिल्यावर गोठतो. म्हणून शिकाऱ्याचा खरा वैरी थंडीइतकाच घामही आहे. इन्युइट पेहराव सैल बेतलेला असतो आणि त्याला पुढून उघडणारी फट नसते. ऊब वर चढते, ती कुंचीखाली अडते. अंग तापू लागले की कुंची मागे टाकून दमट हवा गळ्यावाटे बाहेर सोडावयाची, आणि त्याहून श्रम असतील तर कुलित्ताक उतरवून ठेवावयाचा. घरात शिरण्यापूर्वी कपड्यांवरील हिमकण काठीने झोडपून काढावयाचे, नाहीतर आतल्या उबेत ते वितळून कातडे भिजते.

या साऱ्या व्यवस्थेचा उगम स्त्रियांच्या हातात होता. उन्हाळ्याच्या अखेरीस मारलेल्या कॅरिबूचे कातडे अंगरख्यास योग्य. भर हिवाळ्यातले केस फार दाट व लांब, म्हणून ते अंथरुणाकडे जाई. पाठीवरील स्नायुबंध वाळवून त्याची तात काढावयाची. ती ओलाव्याने फुगते आणि टाक्याचे भोक आपोआप बुजते. सीलच्या कातड्याचे 'कमिक' नावाचे बूट शिवताना सुई कातड्याच्या आरपार जाऊ न देता निम्म्या जाडीतूनच फिरविण्याचा टाका वापरला जातो, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. हे ज्ञान लहान मुली आयांच्या शेजारी बसून मिळवीत. नेत्सिलिक लोकांत कॅरिबूच्या कातड्याची शिवण समुद्रबर्फावर मुक्काम हलविण्यापूर्वी संपलीच पाहिजे, असा निषेध असे. त्याचे कारण ते धर्माचे सांगत. व्यवहारातही त्याचा लाभ होई, कारण पहिला सील मारण्याआधीच प्रत्येकाच्या अंगावर नवा पेहराव चढलेला असे.

किंग विल्यम बेट हे नेत्सिलिकांच्या प्रदेशातले. १८४५ मध्ये इंग्लंडहून निघालेल्या सर जॉन फ्रँकलिन यांच्या मोहिमेतील १०५ माणसांनी एप्रिल १८४८ मध्ये याच बेटाच्या वायव्येस बर्फात अडकलेली दोन्ही जहाजे सोडून दिली. त्यांतील एकही परतला नाही. उपासमार व आजार ही त्याची कारणे असल्याने दोष केवळ लोकरी गणवेशावर ठेवणे अन्यायाचे होईल; तथापि ज्या भूमीवर कुटुंबेच्या कुटुंबे हिवाळे काढीत होती, तेथे ही माणसे मेली, हे विसरता येत नाही. पुढे १९०३ ते १९०५ अशी दोन वर्षे रोआल्ड आमुन्सेन यांचे 'योआ' हे छोटे जहाज त्याच बेटाच्या आग्नेयेस नांगरून होते. आमुन्सेन यांनी नेत्सिलिकांकडून त्यांचा पेहराव घेतला आणि तो संपूर्ण वापरावा, लोकरीशी त्याची सरमिसळ करू नये, असा निष्कर्ष काढला. आतली लोकर घाम शोषून ओलीच राहते, हा त्यांचा अनुभव. जे त्या भाषेत दोन शब्दांत सामावलेले होते, ते त्यांना अंगावर वागवून पाहावे लागले.

विल्यालमुर स्टेफान्सन हेही कातडी पेहरावाचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांनी १९२१ मध्ये रँगेल बेटावर चार पुरुषांची तुकडी पाठविली, तेव्हा शिवणकामासाठी अलास्कातील एडा ब्लॅकजॅक हिला दरमहा ५० डॉलरांवर नेमण्यात आले. शिकार अपुरी पडू लागली. जानेवारी १९२३ मध्ये तिघे जण बर्फावरून सायबेरियाकडे निघाले व नाहीसे झाले. चौथा स्कर्व्ही रोगाने जूनमध्ये वारला. एडा सापळे लावावयास आणि बंदूक चालवावयास तेथेच शिकली, आणि ऑगस्टमध्ये मदतीचे जहाज आले तेव्हा बेटावर ती एकटीच जिवंत होती. मोहिमेत तिची नेमणूक मात्र शिवणकाम करणारी बाई म्हणूनच झालेली होती.