शिकार, फासे आणि १९२४ : विषयाकडून प्रश्नाकडे



पेट पास झाली, गाईड मिळाले, की पहिला घाम फुटतो तो सिनॉप्सिसच्या वेळी. आपण मोठ्या हौसेने शीर्षक लिहून नेतो : 'निवडक लघुकथांतील खेळ, शिकार आणि धोका : एक अभ्यास'. समितीतलं कुणीतरी शांतपणे विचारतं, "ठीक आहे, पण यात तुमचा प्रश्न कोणता?"

शीर्षक चुकीचं नसतं. तो फक्त विषय असतो, प्रश्न नसतो. याच विषयातून प्रश्न कसा काढायचा ते आज बघू. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली, साहित्याची विद्यार्थिनी नव्हे. पण शिकार म्हटलं की प्राणी आला, कायदा आला, माणूसही आला. आणि सोलापुरात राहून या तिन्हींचा इतिहास टाळता येत नाही.

आधी शब्द बघा

अमेरिकन लेखक रिचर्ड कॉनेल याची 'द मोस्ट डेंजरस गेम' ही कथा १९ जानेवारी १९२४ ला 'कॉलियर्स' साप्ताहिकात आली. रेन्सफर्ड नावाचा नामांकित शिकारी जहाजावरून समुद्रात पडतो आणि पोहत एका बेटावर पोचतो. बेटाचा मालक जनरल झारॉफ जनावरांच्या शिकारीला कंटाळलेला असतो, म्हणून तो माणसांची शिकार करतो. रेन्सफर्डला तो तीन दिवसांची मुदत देतो. तेवढे दिवस वाचलास तर सुटलास. शीर्षकातला 'गेम' म्हणजे खेळही आणि शिकारीचं सावजही.

मराठीत अशी जोडी शोधायला लांब जायला नको. सारीपाटावर टाकतो तो फासा, आणि तितर धरायला रानात लावतात तोही फासाच. 'फासे पारधी' हे नाव या दुसऱ्या फाशावरून आलं.

खेळ आणि शिकार एकत्र ठेवण्याची आपली सवयही जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठव्या अधिकरणात राजाच्या कामज व्यसनांची यादी येते. त्यात मृगया आणि द्यूत शेजारी-शेजारी आहेत. दोन्हींत वाईट कोणतं यावर तिथे चक्क वाद आहे. पिशुन नावाचा आचार्य म्हणतो, शिकार वाईट, कारण तिच्यात शत्रू, हिंस्र पशू, वणवा, दिशाभूल, तहान-भूक यांमुळे जिवाला धोका असतो. कौटिल्य म्हणतो, द्यूत वाईट. शिकारीत निदान व्यायाम होतो, नेम बसतो, जनावराचं मन कळतं.

आता यात काय गृहीत धरलंय ते पाहा. ही सगळी चर्चा राजाची आहे. ज्याला शिकार सोडूनही पोटभर जेवायला मिळतं, त्याच्याच शिकारीला व्यसन म्हणता येतं. ज्याची चूलच त्या फाशावर पेटते, त्याच्या शिकारीला काय म्हणायचं? हा आपला पहिला धागा.

मग साल बघा

इतिहासाच्या अभ्यासात एक साधी युक्ती कामी येते. कथेचं साल घ्यायचं आणि त्याच साली आजूबाजूला काय चाललं होतं ते बघायचं. १९२४ घेऊ.

त्याच वर्षी प्रेमचंदांची 'शतरंज के खिलाड़ी' आली. लखनौचे दोन सरदार बुद्धिबळात इतके बुडालेले की इंग्रज अवध गिळतात तरी डाव मोडत नाही. राज्यासाठी ज्यांनी तलवार उपसली नाही, ते शेवटी डावावरून एकमेकांचा जीव घेतात. इथे धोका खेळात नाही, खेळाबाहेर आहे, आणि खेळणाऱ्यांना तो दिसतच नाही.

आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचे आधीचे कायदे एकत्र करून १९२४ चा कायदा केला. मूळ कायदा १८७१ चा, तो आधी उत्तर भारतापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लावता येऊ लागला. एखादी जमात 'गुन्हेगार' जाहीर केली की तिच्या माणसांची नोंद करायची, हजेरी घ्यायची, परवानगीशिवाय हलू द्यायचं नाही, आणि गरज वाटली तर वसाहतीत ठेवायचं. अशी एक मोठी वसाहत सोलापुरात होती. पारधी, कैकाडी अशा जमातींची कुटुंबं तारेच्या कुंपणाआड राहत. त्यांतली अनेक माणसं इथल्या कापड गिरण्यांत राबत. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती कायद्याने विमुक्त झाल्या, पण सोलापूरकर त्या भागाला अजून 'सेटलमेंट'च म्हणतात. रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' एवढंच सांगितलं तरी पुरतं.

आता कॉनेलची कथा पुन्हा वाचा. झारॉफच्या सावजाला तीन दिवसांची मुदत होती. कायद्याच्या यादीतल्या जमातीत जन्मलेल्या मुलाला तशी काही मुदत नव्हती. कॉनेलने भीतीदायक कल्पना म्हणून रचलेली गोष्ट, माणसाचा माग काढणं, त्याला एका जागेत कोंडणं, इथे सरकारी दप्तरात रोज भरली जात होती. कॉनेलला सोलापूर माहीत होतं असा माझा दावा नाही. दोन गोष्टी एका वर्षी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं ठरत नाही, हे विज्ञानातलं पहिलं पथ्य इथेही पाळायचं. पण तुलना करता येते, आणि तुलनेतूनच प्रश्न निघतो.

आता आपल्या कथेकडे या

अण्णाभाऊ साठे यांनी 'फकिरा' कादंबरीत हजेरीचा जाच दाखवला. त्यांचीच लघुकथा 'स्मशानातलं सोनं' घ्या. दगडाची खाण बंद पडल्याने बेकार झालेला भीमा प्रेतांच्या अंगावरचं सोनं शोधायला लागतो. एका रात्री ताज्या प्रेतासाठी त्याची कोल्ह्यांशी झुंज होते. माणूस आणि जनावर एकाच सावजावर तुटून पडतात. तो जिंकतो, पण सोनं काढताना बोटं प्रेताच्या जबड्यात अडकतात आणि शेवटी ती कापावी लागतात. तेवढ्यात बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली.

रेन्सफर्डसारखाच भीमाही जिवावर उदार होऊन लढतो. पण त्याला बेटावर कुणी आणलेलं नाही. त्याला तिथे बेकारीने आणलंय. थरार दोन्हींत आहे, धोक्याचं कारण मात्र वेगळं आहे.

तिसरा टप्पा १९७२ चा, म्हणजे वन्यजीव संरक्षण कायद्याचा. १९७९ मध्ये नान्नजच्या माळरानावर माळढोक अभयारण्य झालं. कायदा गरजेचा होता. माळढोकाची आजची अवस्था पाहता तो आधीच यायला हवा होता असंच मी म्हणेन. पण त्याच कायद्याने बंदूकवाला हौशी शिकारी आणि फासेवाला पारधी एका रांगेत आले. एकाचा छंद गेला, दुसऱ्याचं पोट.

साहित्यातही हा बदल उमटला. माणदेशातले व्यंकटेश माडगूळकर स्वतः शिकारी होते. पुढे बंदूक सुटली आणि ते जंगल नुसतं पाहू लागले. 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळ्या आहेत, शिकारी नाही. सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली वनखात्यात गेले आणि रानातल्या माणसांचे शब्द मराठीत आणले. शिकाऱ्याच्या जागी निरीक्षक आला. पण फासे लावणारा माणूस या नव्या लेखनात कुठे आहे? माहिती देणारा म्हणून, की पात्र म्हणून? हे कुणीतरी नीट मोजून, वाचून सांगायला हवं.

तर प्रश्न कसा मांडाल?

शिकारीची कुठलीही कथा हातात घेतली की तीन गोष्टी वहीत लिहा.

एक, शिकार करणाऱ्याला ती थांबवता येते का?
दोन, कथेच्या काळात कायद्याने शिकारीचा हक्क कुणाला होता, आणि कोण स्वतःच कायद्याचं सावज होतं?
तीन, धोका कुठून येतो : जनावराकडून, माणसाकडून, भुकेकडून, की कागदाकडून?

मग शीर्षक आपोआप बदलतं. 'खेळ, शिकार आणि धोका : एक अभ्यास' याऐवजी 'मराठी लघुकथेतील शिकारीचे चित्रण १९५२ आणि १९७२ च्या कायदेशीर बदलांनंतर कसे बदलले?' असं काहीतरी होतं. याला कालखंड आहे, तुलना आहे, आणि उत्तर 'फारसं बदललं नाही' असंही येऊ शकतं. उत्तर आधीच ठरलेलं नसेल तरच तो संशोधनाचा प्रश्न.

आणि एक काळजी घ्या. पारधी समाजाबद्दल वाचताना ब्रिटिश पोलिसांनी लिहिलेली पुस्तकं पटकन हाताला लागतात. त्यांत माहिती भरपूर असते, पण ती माग काढणाऱ्याने लिहिलेली असते. ती वाचा, वापरा, पण कुणी लिहिली आणि कशासाठी लिहिली हे प्रत्येक वेळी नोंदवा. सेटलमेंटमध्ये वाढलेल्या पिढीतले म्हातारे-म्हाताऱ्या अजून आहेत. कपाटातली पुस्तकं थांबतील, त्यांच्या आठवणी थांबणार नाहीत. जमलं तर त्यांच्याकडे आधी जा.