दिवसा सुर्ख, रात्री सफेद

पत्त्यांचा इतिहास चाळायला घेतला की पानोपानी बंदीचे हुकूम भेटतात. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराने १३७७ मध्येच पत्त्यांविरुद्ध ठराव केला होता, आणि युरोपातल्या पत्त्यांच्या पहिल्यावहिल्या नोंदींपैकी ती एक आहे. म्हणजे खेळ आला आणि पाठोपाठ बंदी आली. आपल्याकडच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक मात्र बंदीची नाही, भेटवस्तूची आहे. बाबराने आपल्या आठवणींत १५२७ च्या उन्हाळ्यात, रमजानच्या महिन्यात, लिहून ठेवलं आहे की त्या रात्री त्याने मीर अली कोरची याला ठट्ट्याला शाह हसनकडे रवाना केलं आणि त्याच्यासोबत गंजिफा पाठवला. शाह हसनला तो खेळ फार आवडायचा, त्याने मागून घेतला होता.

ठट्टा म्हणजे सिंध. मी राहतो उल्हासनगरात, जे सिंधमधून उठून आलेल्या लोकांनी वसवलं. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर निर्वासितांना दिली गेली आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते शहराची कोनशिला बसली. पत्ता सांगताना आजही आम्ही कॅम्प नंबरच सांगतो. शाह हसनचा गंजिफा कुणी पेटीत घालून इथे आणला, असा माझा दावा नाही. पण पत्त्यांच्या हिंदुस्तानी इतिहासाचं पहिलं पान सिंधच्या पत्त्यावर पाठवलेलं आहे, हे इथे बसून वाचताना बरं वाटतं, एवढंच.

हा खेळ होता तरी कसा? मोगल गंजिफ्यात आठ रंग, प्रत्येक रंगात बारा पानं: एक राजा, एक वजीर आणि एक्क्यापासून दहापर्यंत. एकूण ९६ गोल पानं. तिघे खेळणार, प्रत्येकाला ३२. रंगांची नावं ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. सफेद म्हणजे चांदीचं नाणं, सुर्ख म्हणजे सोन्याचं, चंग हे वाद्य, किमाश म्हणजे माल. बरात म्हणजे खजिन्यावर काढलेला पैसे देण्याचा हुकूम. लग्नाच्या वरातीशी तिचा संबंध नाही, पण पेशवाईच्या कागदांत ‘वरात’ ज्या अर्थाने येते त्या अर्थाशी आहे. थोडक्यात, हातात पत्ते नाहीत, एका राज्याचा कारभार आहे.

इथून पुढे नियम अवघड होतात. आठांपैकी चार रंगांत राजा-वजिरानंतर दहा मोठा आणि एक्का सगळ्यांत लहान. उरलेल्या चार रंगांत नेमकं उलटं: वजिरानंतर एक्का मोठा, मग दुर्री, तिर्री असं उतरत दहा सर्वांत हलका. ताजचा दहा हातात आला तर छाती फुगवायची, चंगचा दहा आला तर फेकायला ठेवायचा. कुठली पानं खेळून गेली ते डोक्यात ठेवायचं, कारण वरची पानं गेल्याशिवाय तुमचं पान मोठं होत नाही. त्यावर आणखी एक गंमत: डाव दिवसा असेल तर सुर्खचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करणार, रात्री असेल तर सफेदचा राजा. सोनं सूर्याचं, चांदी चंद्राची. मगरिबच्या आसपास मांडलेल्या डावात कोणाची उतारी, यावरून किती फड मोडले असतील याची मी आपली कल्पना करतो.

असे नियम असले की खेळणाऱ्यांना एकमेकांवर विश्वास ठेवावाच लागतो. उलट-सुलट क्रमाच्या खेळात नवख्याला फसवणं हा डाव्या हाताचा मळ. म्हणून नियमांइतकीच बैठकीची रीत महत्त्वाची. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत अकबराच्या खेळांवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. त्यात बारा रंगांचा, १४४ पानांचा एक खेळ येतो, ज्यातली अश्वपती, गजपती, नरपती, गढपती अशी नावं अस्सल हिंदुस्तानी आहेत. त्याच प्रकरणात सोंगट्यांच्या लांबलचक डावांबद्दल तो सांगतो की ठरलेले डाव संपल्याशिवाय कुणाला उठता येत नसे, आणि अशा बैठकी कधीकधी महिनोन् महिने चालत. बादशहाला त्यातून माणसांची पारख करायची असते, हेही तो नोंदवतो. अबुल फजल बादशहाच्या प्रत्येक गोष्टीत हेतू शोधतो, ते सोडून देऊ. पण हरणाऱ्याने डाव अर्धवट टाकून उठायचं नाही, हा नियम शहाण्या माणसाने केलेला आहे.

पुढे हा खेळ दख्खनमार्गे कोकणात उतरला आणि त्याचं रूप पालटलं. सावंतवाडीच्या चितारी कलावंतांनी दशावतारी गंजिफा रंगवला: दहा अवतारांचे दहा रंग, १२० पानं. मत्स्य, कूर्म, वराह असे एकेक राजे झाले, वजिराचा प्रधान झाला. चिंचोक्याची खळ देऊन जाड केलेली पानं, वर लाखेचं कवच. खेळ मात्र तोच राहिला. निम्म्या रंगांत क्रम सुलटा, निम्म्यांत उलटा. दिवसा उतारी रामाची, रात्री कृष्णाची. सुर्ख आणि सफेद जाऊन राम आणि कृष्ण आले, सूर्य आणि चंद्राची वाटणी जागच्या जागी राहिली. रामाचं सूर्यवंश आणि कृष्णाचं चंद्रवंश जुळवणारा तो कोण अनाम माणूस असेल, त्याला माझा सलाम. आज कुणी विचारतं की गंजिफा ‘त्यांचा’ की ‘आपला’, तेव्हा मी हे पान पुढे करतो. विसाव्या शतकात ही कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच तिचं काम पुन्हा सुरू केलं.

आपण मेंढीकोटला वापरतो तो बावन्न पानांचा जोडही फिरून आपल्याच ओळखीच्या गल्लीतून आलेला आहे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात मिसरच्या ममलुकांच्या काळातला एक जोड आहे: नाणी, पेले, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे चार रंग, त्यात मलिक आणि त्याचे नायब. चेहरा एकाही पानावर नाही, फक्त नक्षी आणि अक्षरं. या ‘नायब’वरूनच स्पेनमध्ये पत्त्यांना ‘नायपेस’ म्हणू लागले, असं अभ्यासक मानतात. आपणही डाव मांडताना ‘हुकूम कोणता?’ असंच विचारतो की.

हे सगळं पुन्हा वाचायला लागलो ते माझ्या भाच्यामुळे. तो सातवीत आहे आणि त्याच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात रबरबँड लावलेली पोकेमॉनची पानं असतात. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यावर संध्याकाळी पोरांचा बाजार भरतो. महिन्यापूर्वी तिथे जोराचं भांडण झालं. भाच्याने एका मुलाला एक चकचकीत पान देऊन दोन साधी घेतली आणि दोन मिनिटांत त्याला पश्चात्ताप झाला. तो परत मागायला लागला. समोरचा म्हणाला, “बोला सो बोला, अब पक्का.” भाचा म्हणत होता, “अजून आपण इथेच बसलोय, पक्कं कसं?” मी दारात उभा राहून ऐकत होतो आणि मला हसू आवरेना, कारण हा वाद हजार वर्षांहून जुना आहे. विकणारा आणि घेणारा एकमेकांपासून वेगळे होईपर्यंत दोघांनाही व्यवहार मोडायची मुभा आहे, या अर्थाची हदीस आहे. शाफई इमामांनी ‘वेगळे होणं’ म्हणजे बैठक सोडून उठणं असा अर्थ घेतला. हनफींनी म्हटलं, बोलणं संपलं की वेगळे झालात. आम्ही कोकणी, म्हणून शाफई. समोरच्या मुलाचं घर उत्तर प्रदेशातलं, हनफी. दोन्ही पोरं आपापल्या मजहबवर ठाम होती, फक्त त्यांना ते ठाऊक नव्हतं. (खरं तर शाफई मतानुसार नाबालिगाने केलेली खरेदी-विक्री मुळात ग्राह्यच नाही. हे मी भाच्याला सांगितलं नाही.)

निवाडा तिसऱ्याच एका मुलाने केला, खालच्या मजल्यावरच्या सिंधी घरातल्या. त्याने ठरवलं की जिन्याची शेवटची पायरी उतरेपर्यंत सौदा कच्चा, त्यानंतर पक्का. सगळ्यांनी ते मानलं. त्यांच्या आणखीही रीती आहेत, मी विचारून घेतल्या: दुसऱ्याच्या पानाला न विचारता हात लावायचा नाही. पानं पिसली की समोरच्याला काटायला द्यायची. पान टाकताना त्यावरचा मजकूर मोठ्याने वाचायचा. लहान मुलाकडून भारी पान घ्यायचं तर त्याच्या मोठ्या भावाला विचारायचं. आणि डुप्लिकेट पान देताना ते डुप्लिकेट आहे हे आधी सांगायचं. या शेवटच्या नियमाची गरज उल्हासनगरात जास्तच. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आम्ही स्वतःच सांगतो. बाजारात मिळणारी सोनेरी प्लास्टिकची पानं सगळी नकली असतात. पोरांना मागच्या बाजूच्या निळ्या रंगावरून ते लगेच कळतं. मालातला दोष लपवला तर व्यवहार मोडता येतो, हेही फिकहच्या पुस्तकात आहेच.

भांडणाचा आवाज शेजारच्या एका बुजुर्गांपर्यंत गेला. त्यांनी मला गाठून सांगितलं की पत्ते हराम आहेत, पोराला आवरा. त्यांची काळजी खोटी नव्हती. जुगाराने उद्ध्वस्त झालेली घरं आम्ही दोघांनीही पाहिली आहेत. सौदी अरेबियात २००१ मध्ये पोकेमॉनवर बंदी आली, तेव्हाही मुफ्तींच्या फतव्यात जुगाराचा मुद्दा होता. त्यासोबत चित्रांमधल्या छुप्या चिन्हांच्या अफवाही फिरल्या होत्या आणि माझ्या मते त्यांनी मूळ मुद्द्याचं नुकसान केलं. जुगार कुरआनाने हराम केला आहे, त्यात वाद नाही. वाद असतो तो खेळ जुगार केव्हा होतो यावर.

बुद्धिबळाबद्दल आपल्या फकिहांनी खूप लिहिलं आहे. हनफींनी ते नापसंत केलं. शाफईंनी काही अटींवर चालवून घेतलं: त्यात पैसा जाऊ नये, नमाज चुकू नये, तोंडातून घाण शब्द निघू नये. हात, वेळ आणि जीभ. बाकी खेळांसाठी त्यांचा निकष असा, की ज्याचा पाया हिशोब आणि विचार आहे ते वेगळं आणि ज्याचा पाया निव्वळ अंदाज आहे ते वेगळं. या कसोटीवर पोरांचा खेळ लावून पाहिला. प्रत्येकी साठ पानांचा संच, एका नावाची चारपेक्षा जास्त पानं नाहीत (मूळ ऊर्जेच्या पानांना सूट), एका पाळीत हातातून एकदाच ऊर्जा लावायची, पहिल्या पाळीत सुरुवात करणाऱ्याला हल्ला करता येत नाही. पान कोणतं येईल हे नशीब, पण संच बांधणं आणि खेळणं हा हिशोब. या जातीचा पहिला मोठा खेळ, मॅजिक, १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने काढला. त्याच्या मूळ नियमांत दोघांनी एकेक पान पणाला लावायचं आणि जिंकणाऱ्याने दोन्ही घ्यायची, अशी सोय होती. तो सरळ जुगार होता. स्पर्धांमधून ती लवकरच काढली गेली. जिन्यावरची पोरंही हरल्यावर पान देत नाहीत. अदलाबदल वेगळी, डाव वेगळा.

हे सगळं मी त्या बुजुर्गांना चहावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग एकच प्रश्न विचारला: “आणि ते बंद पाकीट? आत काय आहे ते माहीत नसताना पैसे देतात, ते?” मी गप्प झालो. आत काय आहे ते न कळता केलेल्या सौद्याला गरर म्हणतात आणि त्याला मनाई आहे. चारशे रुपयांचं पाकीट फाडताना पोरांचे डोळे कसे होतात, ते मी पाहिलं आहे. ती नजर मटक्याच्या आकड्याची वाट बघणाऱ्याची असते. मोगल गंजिफ्यात एकही पान झाकून विकलं जात नव्हतं. सगळी ९६ पानं सगळ्यांना माहीत होती, फक्त कोणाच्या हातात कोणती ते माहीत नव्हतं.

आता घरात ठरलं आहे की पाकीट घ्यायचं नाही. सुटं पान डोळ्यांनी बघून घ्यायचं किंवा अदलाबदलीत मिळवायचं. भाचा तयार झाला, पण त्याने एक अट घातली: मामूने ९६ पानांचा गंजिफा करून द्यायचा. पुठ्ठ्याचे गोल कापून झाले आहेत. ताज, शमशेर आणि गुलाम त्याने रंगवले. चंग कसा दिसतो, यावर आमचं अडलं आहे.