मान आणि हक्क : दोन जुने निवाडे

आपल्या ज्ञातीतील अनेक घरांतून जुनी दप्तरे अद्याप जपून ठेवलेली आढळतात. सनदा, वतनपत्रे, इनामाचे कागद वाचताना पूर्वजांविषयी अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सनदेने मान मिळतो. हक्क पुरा होतो तो दाद मागण्यास न्यायासनाचे द्वार उघडे असेल तेव्हाच. इंग्रजी अमदानीतील दोन प्रकरणे या दृष्टीने मननीय आहेत. एक देहस्वातंत्र्याचे, दुसरे भूमीचे.

१८२८ साली पुण्यात मोरो रघुनाथ नावाचा एक अल्पवयीन मुलगा आपले चुलत आजोबा पांडुरंग रामचंद्र यांच्या ताब्यात होता. त्यास अडकवून ठेवल्याची तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढे आली. हे न्यायालय राजाच्या सनदेने १८२४ साली सुरू झालेले. त्याने मुलास समक्ष हजर करण्याचा, म्हणजे हेबिअस कॉर्पसचा, आदेश काढला. पांडुरंगराव प्रतिष्ठित घराण्यातील. अशा घरंदाज मंडळींवर न्यायालयाने हुकूम बजावावा हे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांस रुचले नाही. ३ ऑक्टोबर १८२८ च्या पत्राने सरकारने न्यायाधीशांस कळविले की, मुलखात असे आदेश चालू दिले जाणार नाहीत. सर एडवर्ड वेस्ट ऑगस्टमध्ये निवर्तले होते. सर चार्ल्स चेंबर्स ऑक्टोबरमध्ये गेले. एकटे उरलेले सर जॉन पीटर ग्रँट यांनी आदेशाची अवज्ञा होते हे पाहून १ एप्रिल १८२९ रोजी न्यायालयच बंद केले.

प्रकरण विलायतेस प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. मे १८२९ मध्ये तेथे ठरले की, मुंबईच्या हद्दीत राहणारे, अथवा हद्दीबाहेर असूनही न्यायालयाच्या अधिकारास व्यक्तिशः पात्र असणारे, एवढ्यांवरच हा आदेश चालेल. आजोबांचा मान अबाधित राहिला. नातवाचे गाऱ्हाणे ऐकण्यास मात्र ते न्यायासन असमर्थ ठरले. ही मर्यादा खऱ्या अर्थाने रुंदावली ती १९२३ च्या फौजदारी कायद्यातील सुधारणेने.

आता भूमीकडे वळू. उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला. नव्या पाहणीने वाढविलेल्या साऱ्याविरुद्ध तेथील जमीनधारकांनी दाद मागितली. वैकुंठ बापूजी यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने १८७५ साली विस्तृत निर्णय दिला. तो सरकारच्या बाजूने गेला. तथापि रयत सरकारास न्यायासनापुढे उभे करून जाब विचारू शकते, एवढे तरी त्यातून दिसले. लागलीच १८७६ साली रेव्हेन्यू ज्युरिस्डिक्शनचा कायदा झाला. साऱ्याची आकारणी किती असावी याविषयीच्या हरकती दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर गेल्या. वंशपरंपरागत वतनदारांच्या व गावकामगारांच्या वतनी मालमत्तेविषयी सरकारविरुद्ध करावयाचे दावेही त्याच कलमाने वर्ज्य झाले. खटला जिंकूनही सरकारने पुढच्या खटल्याची वाट बुजविली! ज्या सनदांचा आपण अभिमान धरतो, त्यांचे मोल सरकारच्या मर्जीवर किती अवलंबून होते, हे येथे स्पष्ट होते.

२६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली आणि अनुच्छेद २२६ अन्वये उच्च न्यायालयाकडे दाद मागण्याचा मार्ग खेड्यापाड्यांतील लहानथोरांस सारखाच खुला झाला. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून वगळला गेला खरा. तथापि कायद्याच्या आधारावाचून कोणाची मालमत्ता हिरावता येत नाही, हे अनुच्छेद ३००-अ सांगतो.

आमची ज्ञातिबांधवांस व भगिनींस विनंती एवढीच की, घरातील जुने कागद जरूर जपावेत, मुलांस ते वाचून दाखवावेत. परंतु त्याच बैठकीत मोरो रघुनाथाचीही गोष्ट सांगावी. ज्या घरात वडिलधाऱ्यांच्या मानापुढे लहानांचे गाऱ्हाणे ऐकले जात नाही, त्या घराचा मान अपुराच समजावा.